सात मिनिटं पुढे

यंत्राला जागा द्या, असं पत्र आलं
तेव्हा वाकडपांगरीच्या शाळेत रिकामी म्हणावी अशी एकच खोली होती,
पोषण आहाराच्या तांदळाची.
पोती भिंतीकडे सरकवली,
फरशी उकरून काळा पाषाण लागेपर्यंत
सातवीच्या पोरांनीच खणलं.
डॉक्टर वेमुला हैदराबादेहून आल्या,
खड्ड्यात उतरल्या, दगडावर तळहात ठेवला,
म्हणाल्या, "अच्छा पत्थर है मास्टर,
इस पे भरोसा कर सकते."

माझ्यावर करता येईल का, ते त्यांनी विचारलं नाही.
मी बीएस्सी, परभणी, दुसरा वर्ग.
एकवीस वर्षं भूकंपाचा धडा घेतोय,
नाभी, अपिकेंद्र, रिकाम्या जागा भरा.
आणि एखादं लेकरू म्हणालंच,
"सर, आपल्या गावाखाली काय वाजायलंय?"
तर, ते परीक्षेला नाही.

वाजतं मात्र.
हळद शिजवायच्या दिवसांत जास्त,
जमिनीखालून कुणी रिकामी ट्रॉली न्यावी तसं.
मांडणीवरची ताटं एकमेकींना कोपर मारतात,
म्हशी उभ्या राहतात,
माणसं अंगणात येतात,
तंबाखू मळून होईस्तोवर थांबतात
आणि परत झोपतात.

डॉक्टर म्हणाल्या, यंत्राला हलणं कळतं,
आवाज तुम्हालाच ऐकू येतो. वही घाला. वेळ लिहा.
पोरांनी लिहिलं:
रात्री दोन अकरा. घुमला. आजी म्हणे उत्तरेकडून, आजोबा म्हणे तू बहिरी.
पहाटे चार चाळीस. आधी शेळी उठली, मग आवाज.
नऊ वीस. आवाज नाही. भाऊ खाटेवरून पडला.
(हे खोडू का, असं विचारलं. राहू दे म्हणालो.
का म्हणालो, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.)

वर्षानं वही हैदराबादला गेली.
सरपंचाच्या मोबाइलवर फोन आला, गावात तेव्हा दोनच मोबाइल.
"मास्टर, तुमच्याकडे धक्का आधी बसतो
आणि आवाज सात मिनिटांनी पोचतो.
इतना आलसी आवाज मैंने देखा नहीं."

मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं.
हेडमास्तरांनी पुढे केलेलं, पोरं प्रार्थनेला वेळेवर यावीत म्हणून.
अख्खं गाव आमच्या घंटेवर घड्याळं लावतं.
पोरं चुकली, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.
सरपंच शेजारीच उभे होते, बिलाकडे लक्ष ठेवून.
"घड्याळ पुढे आहे मॅडम," म्हणालो, "मुद्दाम."
त्या हसल्या नाहीत.
"रोज सातच? कुठे नऊ दिसतात, कुठे चार. कोणत्या दिवशी किती?"

ते कुणी लिहिलं होतं?

दीक्षा खिल्लारेनं.
गणिताच्या वहीत, मागच्या पानापासून उलटं.
एकदा उशीर झाला म्हणून मी तिला उन्हात उभं केलं होतं.
ती उशिरा आलीच नव्हती.
तेव्हापासून रोज बापाचं घड्याळ रेडिओच्या ठोक्याला लावून
शाळेचं घड्याळ किती खोटं बोलतं, ते ती टिपत होती.
तारीख, फरक. तारीख, फरक.
दोनशे आठ दिवसांचा, माझ्याविरुद्धचा पुरावा.

कार्तिकात डॉक्टर आल्या.
तांदळाच्या पोत्याला टेकून दोघी खाली बसल्या, वजाबाक्या करत.
मी चहा आणला. कुणी वर पाहिलं नाही.
मध्येच डॉक्टरांनी विचारलं, "और रेडिओ सही है, ये कैसे मालूम?"
दीक्षानं पेन्सिल चावली.
"ते नाही माहीत."
"मला पण नीट नाही," त्या म्हणाल्या,
आणि समासात दोघींच्या मध्ये एक प्रश्नचिन्ह काढलं.

घड्याळ अजून पुढेच आहे. हेडमास्तर बदलले, सवय नाही.
परवा पाचवीतला एक ओट्यावरून ओरडत आला,
सर, वाजलं, आत्ता वाजलं, काय आहे हो ते?
माहीत नाही, म्हणालो. हैदराबादेतही अजून पक्कं नाही.
वेळ लिही.
कोणत्या घड्याळाची, तेही लिही.